अंगणातले प्रयोग: फसलेले आधी सांगा, जमलेले नंतर

पडवी | २२ एप्रिल, रात्री १०:४०

परीक्षा संपल्या. थोरला आठ वर्षांचा, धाकटी पाच. सकाळी सहाला डोळे उघडले की "आई, आता काय करू?" सुरू होतं ते रात्री अंथरुणात पडेपर्यंत.

मागच्या मे महिन्यात मी मोठ्या उत्साहानं सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी केला होता. फेस आला, टाळ्या पडल्या, "परत कर, परत कर" झालं, खायचा सोडा संपला. संध्याकाळी थोरल्याला विचारलं, काय कळलं रे? म्हणाला, "व्हिनेगर महाग असतं आणि सांडलं की तू ओरडतेस."

दुसरा प्रयोग शून्य सावलीचा, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या दिवसाचा. कोल्हापुरात ती ६-७ मेच्या सुमारास येते. बिल्डिंगच्या ग्रुपवर "आज सावली गायब होणार" असा मेसेज फिरत होता, मीही दोन दिवस तेच घोकवलं. साडेबाराला सगळे गच्चीवर. धाकटीनं खाली बघितलं तर पायांभोवती काळा गोळा. सावली होतीच की! "तू खोटं बोललीस" म्हणून जी रडायला लागली ती जिना उतरेपर्यंत. बरोबरच होतं तिचं. डोकं आणि खांदे पायांपेक्षा रुंद असतात, त्यांची सावली जाणार कुठे? स्टीलचा पेला पालथा ठेवला असता तर दाखवता आलं असतं, पण हे मला रात्री सुचलं.

तर यंदा मला हवेत ते प्रयोग असे: घराबाहेर करता येतील, पाच वर्षांच्या मुलीलाही काहीतरी काम असेल, आणि ज्याचं उत्तर मला स्वतःला आधी माहीत नसेल. शेवटची अट सोडणार नाही. उत्तर माहीत असलं की माझी लगेच परीक्षक होते.

---

शेंगदाणा_कूट | २२ एप्रिल, रात्री ११:१५

मुंग्या! खर्च शून्य. कागदाचे चार तुकडे, त्यांवर गूळ, साखर, मीठ आणि शेंगदाण्याचं कूट, सगळं चमचाभर. मुंग्यांच्या वाटेपासून सारख्याच अंतरावर ठेवायचं आणि घरातल्या प्रत्येकानं आधी पैज लावायची. मी गुळावर लावली होती. आमच्या मुंग्या सरळ कुटावर गेल्या. (आयडी बघून हसू नका, खरंच गेल्या.) आठवड्यानं दुसऱ्या कोपऱ्यातल्या काळ्या मुंग्यांवर तोच प्रयोग केला तर त्या साखरेवर तुटून पडल्या. म्हणजे "मुंग्यांना काय आवडतं?" हा प्रश्नच अर्धवट निघाला. कुठल्या मुंग्यांना, हे विचारायला हवं.

रांग लागली की मध्येच बोट ओलं करून वाट आडवी पुसायची. मुंग्या पुसलेल्या जागेशी येऊन भांबावतात, मागे फिरतात, मग एखादी धीट पार जाते. वास पुसला गेला, हे सांगायची घाई करू नका. माझ्या मुलानं आधी "त्यांना ओलं आवडत नाही" असं ठरवलं होतं. मग त्यानं स्वतःच कोरड्या फडक्यानं पुसून बघितलं.

आंब्यावरच्या लाल मुंग्यांच्या नादी मात्र लागू नका. कोकणात माहेर आहे, ओंबील चावलं की काय होतं ते सांगायला नको.

---

जुना_खोडकर | २३ एप्रिल, सकाळी ७:०५

वाचून करमणूक झाली. आमच्या लहानपणी असले धागे नव्हते. भिंग मिळालं की कागद जाळायचो, वाळलेली पानं जाळायचो, आणि खरं सांगायचं तर मुंग्याही जाळायचो. विहिरीत दगड टाकून डुबुक ऐकेपर्यंत आकडे मोजायचो. त्याला प्रयोग म्हणायचं असतं हे कुणी सांगितलं नाही. हल्ली आईबापांनी पोरांच्या रिकाम्या वेळाचाही तास करून टाकलाय. सोडा त्यांना मोकळं. आपोआप शिकतात.

---

पडवी | २३ एप्रिल, सकाळी ९:३०

काका, अर्धं पटलं. पण तिसऱ्या मजल्यावरून मोकळं सोडायचं म्हणजे पार्किंगमध्ये सोडायचं. तिथे विहीर नाही आणि शेजाऱ्यांच्या गाडीला ओरखडा पडला की बोलणी मलाच.

कूटताई, मुंग्या उद्याच.

---

माणदेशी_मास्तर | २४ एप्रिल, रात्री ८:५०

फसलेलं आधी सांगा म्हणालात म्हणून लिहितोय, एरवी लाजच वाटली असती.

आमची वस्तीशाळा. पट एकोणीस, शिक्षक दोन. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत व्हॉलीबॉलच्या खांबाच्या सावलीवर दर तासाला फक्की मारून घड्याळ केलं. नऊची रेघ, दहाची रेघ, अशा पाचपर्यंत. पोरांनी शेजारी दगडांचे आकडे मांडले. चौथीतल्या एकाला बेल द्यायचं काम दिलं, तो सावली बघून टोल द्यायचा. मी केंद्रप्रमुखांना फोटोपण पाठवले.

मार्चअखेर पोरं सांगत आली, "गुरुजी, घड्याळ बिघडलंय. नऊची सावली नऊच्या रेघेवर येत न्हाई." मी म्हणालो, तुम्हीच खेळताना फक्की उडवली असणार. त्यांनी दगड दाखवले. दगड जिथल्या तिथे होते. तरी माझा विश्वास नाही. शेवटी मोबाइल घेऊन दोन दिवस उन्हात बसलो तेव्हा मान्य केलं. एप्रिलात तर सगळंच कोलमडलं.

चूक माझी होती. खांब सरळ उभा असला की सूर्य जसा दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो तशी त्याच तासाची सावलीही दिशा बदलते. जानेवारीत सकाळी नऊला सूर्य आग्नेयेला असतो, सावली वायव्येकडे. मेमध्ये त्याच वेळी तो पूर्वेच्याही जरा उत्तरेला गेलेला असतो. तासाच्या रेघा वर्षभर टिकायच्या तर काठी ध्रुवताऱ्याकडे रोखलेली पाहिजे, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून सतरा-अठरा अंशच वर, त्यामुळे काठी जवळपास झोपलेलीच दिसते. जयपूरच्या जंतरमंतरातलं सम्राट यंत्र, म्हणजे तिथलं मोठं सूर्यघड्याळ, याच कारणानं २७ अंशांत तिरपं आहे. तिथला अक्षांशच २७.

आता आमच्याकडे तिरपी काठी आहे. ती अर्धा तास मागे चालते, कारण आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आणि आम्ही ७४ च्या आसपास, दर अंशाला ४ मिनिटं. पोरं म्हणतात, "मोबाइल अर्धा तास फुडं हाय." मी दुरुस्त करत नाही.

---

भिंगरी | २४ एप्रिल, रात्री ९:४०

मास्तर, साष्टांग नमस्कार. बिघडलेलं घड्याळच खरा प्रयोग झाला की. जमलं असतं तर पोरांनी फेब्रुवारीतच त्याच्याकडे बघणं सोडलं असतं.

मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ साली १६ शाळांत विज्ञान शिकवायचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्यातही मुलांनी शाळेबाहेर जाऊन बघायचं, मोजायचं, आणि उत्तर पुस्तकात छापलेलं नसायचं. २००२ मध्ये तो बंद झाला. त्यात वापरलेल्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगकाड्या जोडून आकार करण्याच्या युक्त्या अजून शाळाशाळांत दिसतात.

---

गोदाकाठ | २५ एप्रिल, दुपारी १:२०

पडवीताई, तुम्ही कोल्हापूर, मी नाशिक. नकाशा काढून बघा. दोन्ही शहरं जवळपास एकाच रेखांशावर आहेत, अर्ध्या अंशाचाही फरक नाही. कोल्हापूर १६.७ अक्षांशावर, नाशिक २० वर. मध्ये दक्षिणोत्तर सरळ ३६६ किलोमीटर.

यावरून काही आठवतंय का? इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या इरॅटोस्थेनिसनं पृथ्वीचा घेर असाच काढला होता. दक्षिणेला सायीन गावात, म्हणजे आजच्या अस्वानला, एका दिवशी दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. त्याच वेळी उत्तरेला अलेक्झांड्रियात सावली पडते, वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतक्या कोनाची. दोन गावांमधलं अंतर गुणिले पन्नास, झाला घेर.

तुमची शून्य सावली ६-७ मेला. तेव्हा नाशिकला सूर्य डोक्यावर आलेला नसतो, तो १९-२० मेच्या आसपास येईल. म्हणजे कोल्हापूर आपलं सायीन आणि नाशिक अलेक्झांड्रिया. एक मीटरची काठी, दुपारी साडेबारा, व्हिडिओ कॉल. आमच्याकडे जुळी आहेत, नऊ वर्षांची, मुलगा आणि मुलगी. उत्तर काय येईल ते मला माहीत नाही. म्हणजे पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किलोमीटर हे माहीत आहे, *आमचा* किती येईल ते नाही.

---

पडवी | २५ एप्रिल, दुपारी १:२६

करायचंच! धाकटीला काम काय?

---

गोदाकाठ | २५ एप्रिल, दुपारी १:३१

ओळंबा धरायचं, म्हणजे काठी सरळ उभी आहे का ते बघायला दोरीला टांगलेलं वजन. काठी वरच्या टोकाला एक सेंटिमीटर कलली तर कोनात अर्ध्या अंशाहून जास्त फरक पडतो, आणि आपला सगळा कोनच सव्वातीन अंशांच्या आसपास आहे. म्हणजे तुमची धाकटी हलली की पृथ्वी हजारो किलोमीटरनं फुगणार. सगळ्यात जोखमीचं काम तिच्याकडेच.

---

निरांजन | २६ एप्रिल, सकाळी ६:५०

नेत्रचिकित्सेशी रोजचा संबंध आहे म्हणून मध्ये बोलते. प्रयोग सावलीचा आहे, त्यामुळे कुणीही वर बघायची गरज नाही हे मुलांना आधीच बजावा. गॉगल, एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, यांतलं काहीही लावून सूर्याकडे बघायचं नाही. डोळ्याच्या पडद्याला इजा होते तेव्हा दुखत नाही, म्हणून मुलं बघत राहतात. आणि मेमध्ये भर दुपारी दहा-पंधरा मिनिटं पुरे. टोपी, पाणी, पायात चप्पल. गच्चीची फरशी तळव्यांना चटका देते.

---

पडवी | ६ मे, दुपारी ३:१०

झालं! गवंड्याकडून खरा पितळी ओळंबा मागून आणला. पॅराफिटला पाइप उभा बांधला, बरोबर एक मीटर. सकाळपासून दर अर्ध्या तासानं थोरल्यानं खडूनं टोक टिपलं. १२:२९ ला सावली पाइपच्या बुडाशी एवढी चिकटली की पट्टीनं मोजण्यासारखं काही उरलं नाही. "शून्य" असं वहीत लिहिलं. या वेळी मी आधी सांगितलं होतं, पाइपची सावली पाइपखाली जाईल, तुझी नाही जाणार. धाकटीनं दोन्ही तपासून बघितलं आणि मान हलवली. माफी मिळाली असावी.

गोदाकाठ, तुमचा आकडा टाका.

---

गोदाकाठ | ६ मे, दुपारी ३:४०

आकडा नाही. आकडे. आमच्याकडे भांडण झालंय.

काठी तीच, सावली तीच, पट्टी तीच. मुलगी म्हणते ५.६ सेंटिमीटर, मुलगा म्हणतो ६.५. मी वाकून बघितलं तर दोघंही खरं बोलतायत. सावलीला कड नाहीच! गडद काळं संपतं, मग राखाडी पट्टा, तो फिका होत होत उन्हात विरतो. मुलीनं काळं संपतं तिथे खूण केली, मुलानं राखाडी संपतो तिथे.

गणित दोघांनी आपापलं केलं: सावलीवरून कोन, मग ३६६ × ३६० ÷ कोन. मुलीची पृथ्वी ४१,१०० किलोमीटरची, मुलाची ३५,४००. सध्या घरात दोन पृथ्वी आहेत. एकमेकांशी बोलत नाहीत.

---

शेंगदाणा_कूट | ६ मे, दुपारी ४:०२

"घरात दोन पृथ्वी आहेत" 😄 चहा सांडला माझा.

---

पडवी | ६ मे, दुपारी ४:१५

आमचा थोरला लुडबुड करतोय. त्यानं ३६६ ऐवजी एसटीच्या रस्त्याचं अंतर घातलं आणि पृथ्वी भलतीच सुजली. रस्ता वळणं घेत जातो हे त्याला मान्य आहे, पण "मग ती वळणं पृथ्वीवरच आहेत ना?" असं विचारतोय. तासभर नकाशा आणि दोरा घेऊन बसलो होतो.

---

भिंगरी | ६ मे, सायंकाळी ६:३०

गोदाकाठ, जुळ्यांना सांगा की दोघांनी मिळून सूर्याची रुंदी मोजली आहे. थट्टा नाही.

सूर्य टिंब नाही, थाळी आहे, आकाशात साधारण अर्ध्या अंशाची. काठीच्या टोकामागून थाळीचा थोडा भाग दिसतो, थोडा झाकतो, अशी जागा म्हणजे तो राखाडी पट्टा. सूर्य त्याच्या व्यासाच्या साधारण १०८ पट दूर आहे, म्हणून एक मीटर लांबून पडलेल्या सावलीचा पट्टा मीटरच्या १०८ व्या भागाइतका, म्हणजे ९ मिलिमीटर. आता ६.५ मधून ५.६ वजा करा.

पट्टी बारीक केली, काठी लांब केली, तरी हा पट्टा जात नाही. लांब काठीला लांब पट्टा. त्यापेक्षा काठीवर एक पुठ्ठा आडवा ठेवा आणि त्याला पंच मशीननं एकच भोक पाडा. जमिनीवर सावलीच्या मधोमध उजेडाचा गोल ठिपका पडेल. त्याचा मध्य पोरांनाही नीट ठरवता येतो. भोकाच्या बरोबर खाली ओळंबा सोडायचा, तिथून ठिपक्याच्या मध्यापर्यंत मोजायचं.

तो ठिपका म्हणजे सूर्याचं चित्र आहे. आंब्याच्या झाडाखाली जमिनीवर जे उजेडाचे गोल पडतात तेही सगळे सूर्य. पानांमधली फट तिकोनी असो वा वेडीवाकडी, खाली गोलच. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात झाडाखाली गोलांऐवजी चंद्रकोरींचा सडा पडला होता, आमच्या कॉलनीतल्या बाया रांगोळीचे फोटो काढावेत तसे काढत होत्या. मुलांना घेऊन एखाद्या मोठ्या गोलाचा व्यास मोजा आणि १०८ नं गुणा. फांदी किती उंच आहे ते झाडावर न चढता कळतं. चार-पाच सेंटिमीटरचा गोल असेल तर ती पाचेक मीटरवर.

---

जुना_खोडकर | ६ मे, रात्री ८:००

साठ वर्षं आंब्याखाली खाट टाकून झोपतोय. ते गोल आहेत हे आज कळलं. भोक गोल म्हणून उजेड गोल असंच समजत होतो, पण पानांत गोल भोक कुठून येणार हे डोक्यात आलं नाही.

---

गोदाकाठ | ८ मे, दुपारी २:५५

काल ढग होते, आज पुन्हा केलं, पुठ्ठा आणि भोक. दोघांनी वेगवेगळं मोजलं. मुलगी ५.१, मुलगा ५.१. ओरडून ओरडून घर डोक्यावर घेतलं.

पण ५.१ का? परवा साडेपाच ते साडेसहा होतं ना?

---

पडवी | ८ मे, दुपारी ३:०५

मला वाटतं आमच्याकडे त्याचं उत्तर आहे. आज कोल्हापुरात शून्य नाहीच आलं. बरोबर दुपारी ठिपका ७ मिलिमीटरवर होता, आणि *दक्षिणेला*! थोरल्यानं तीन वेळा होकायंत्र आपटून बघितलं. दोन दिवसांत सूर्य आम्हाला ओलांडून उत्तरेला गेला.

---

गोदाकाठ | ८ मे, दुपारी ३:२०

म्हणजे तुमची सावली दक्षिणेला ०.४ अंश, आमची उत्तरेला २.९२. सूर्य आपल्या दोघांच्या मध्ये उभा आहे! वजाबाकी नाही, बेरीज करायची. ३.३२ अंश.

३६६ × ३६० ÷ ३.३२ = ३९,६८७.

थांबा, पुन्हा करतो.

३९,६८७.

---

माणदेशी_मास्तर | ८ मे, रात्री ९:१०

मी तुमच्या मधल्याच रेषेवर बसलोय की. सूर्य ९-१० तारखेला आमच्याकडे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं शाळेत नाहीत, पण वस्तीवरची आठ-दहा गोळा होतील. भोकाचा पुठ्ठा करतो.

---

म्युनिककर | १० मे, मध्यरात्री १:१५

हेवा वाटतोय. आमच्याकडे शून्य सावली कधीच येत नाही, कर्कवृत्ताच्या उत्तरेला सूर्य डोक्यावर यायचाच नाही. ४८ अक्षांशावर २१ जूनच्या दुपारीही एक मीटरच्या काठीची सावली ४६ सेंटिमीटर. डिसेंबरात तीच तीन मीटर, ऊन असलं तर. लेकीनं पुण्याच्या आजीला फोनवर सांगितलं, "आजी, तुमचा सूर्य उंच आहे." आजी म्हणाली, "हो गं, म्हणूनच एवढा तापतो."

---

वऱ्हाडी_ठेचा | १९ मे, सकाळी ११:००

सावली राहू द्या बाप्पा, आमच्याकडं सध्या बाहेर निघालं की सावलीसकट माणूस वितळते. सकाळी साडेसहाला करायचं एक सांगतो.

काळ्या रानाला भेगा पडल्या. पोट्टे भेगेत तार सोडून खोली मोजतात. सगळ्यात खोल भेगेला तीन फुटांची तार सोडली, बुड लागलंच नाही. एका भेगेच्या दोन्ही कडांना खुंट्या ठोकून अंतर लिहून ठेवलं. पहिल्या पावसानंतर रोज मोजायचं, किती दिवसांत मिटते ते. पैज लागली आहे. माझ्या बापाचा अंदाज आठ दिवस, पोरीचा दोन.

तोवर घरी एक करून पाहा. काळ्या मातीचं वाळलेलं ढेकूळ आणि लाल मातीचं ढेकूळ, दोन काचेच्या गिलासांत ठेवून पाणी ओता. काळं फुगते, लाल तेवढं फुगत नाही. हेच फुगणं-आकसणं भेगा पाडते, अन् घराच्या भिंतीलाबी तडे पाडते.

---

शेंगदाणा_कूट | ९ जून, सकाळी ८:१०

धागा वर काढतेय. मृग लागला, पाऊसही आला! अंगणात मखमली लाल मृगाचे किडे. मुलानं पाय मोजले, आठ. शाळेत कीटकांना सहा पाय शिकवलेत, म्हणून त्यानं तीन वेगवेगळे पकडून मोजले. आठच. आता तो आजीला सांगत हिंडतोय की मृगाचा किडा हा किडाच नाही, कोळ्याच्या गोतातला आहे. आजी म्हणते, "असेल बाबा, पण त्याला खाली ठेव."

---

वऱ्हाडी_ठेचा | १८ जून, रात्री ७:४५

भेग पाच दिवसांत मिटली. दोघंही हरले. वरून मिटली, पण तार घातली तर आत पोकळ होती. आता पोरगी म्हणते मिटली म्हणजे नेमकं काय ते आधी ठरवा, मग पैज.

---

पडवी | २ जुलै, रात्री १०:००

पाऊस मोजतोय. दोन लिटरची बाटली वरून कापून, कापलेला भाग उलटा नरसाळ्यासारखा बसवला. तळ खोबणीचा असतो म्हणून आत खडे टाकून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरलं, तिथे शून्य. रोज सकाळी साडेआठला वाचन, कारण वेधशाळाही त्याच वेळी करते. वाचायचं काम धाकटीचं. ती आकडा वाचत नाही, कागदाची पट्टी पाण्याच्या उंचीएवढी कापते आणि भिंतीवर चिकटवते. भिंतीवर आता पट्ट्यांची झालर झाली आहे, आणि कुठल्या दिवशी जास्त पाऊस झाला ते दारातूनच दिसतं. आलेख हा शब्द मी अजून उच्चारलेला नाही.

पहिला आठवडा वाया गेला. वेधशाळेचा आकडा ३१ मिलिमीटर आणि आमचा ६८! आनंदानं उड्या मारल्या, मग कळलं की बाटली पागोळीखाली होती. आता गच्चीच्या मधोमध विटांत रोवली आहे.

थोरल्यानं विचारलं, मिलिमीटर म्हणजे पाणी किती? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. आमची गच्ची साधारण दोनशे चौरस मीटर, त्या दिवशीचे ३१ मिलिमीटर, म्हणजे ६,२०० लिटर. तो बराच वेळ गटाराच्या पाइपकडे बघत उभा होता. मग म्हणाला, "एप्रिलमध्ये आपण टँकर मागवला होता ना?"

---

निरांजन | ३ जुलै, सकाळी ७:२०

गच्चीवर साडेआठला जाताना गडगडत असेल तर वाचन राहू द्या. वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर गच्चीवर, झाडाखाली थांबायचं नाही. घरातून मात्र सेकंद मोजता येतात, तीननं भागलं की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळतं.

---

जुना_खोडकर | ३ जुलै, सकाळी ९:००

हे आम्ही नदीवर बघायचो. पलीकडच्या काठावर धोबी कपडा आपटायचा, आणि कपडा पुन्हा वर गेल्यावर "थप्प" यायचं. परवा नातवाला मोठ्या मैदानावर नेलं. त्याच्या बापाला पावणेदोनशे पावलांवर थाळी-लाटणं घेऊन उभं केलं. लाटणं थाळीवर पडलेलं दिसतं, आणि ठण्ण मागाहून येतं. अर्ध्या सेकंदाच्या आसपास. नातू म्हणाला, बाबा चुकीचं वाजवतोय.

प्रयोग वगैरे नव्हता हा. सहज गेलो होतो.

---

शेंगदाणा_कूट | ३ जुलै, सकाळी ९:२२

हो हो काका, पावलं पण सहजच मोजली असतील.

---

गोदाकाठ | २८ जुलै, रात्री ९:३०

पडवीताई, सूर्य परतीला लागला. कोल्हापुरावर पुन्हा ५-६ ऑगस्टला. जुळी पुठ्ठा काढून बसलीत. करायचं?

---

पडवी | २८ जुलै, रात्री ९:४१

कोल्हापुरात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऊन मागताय? पंचगंगा पात्राबाहेर आहे, पंधरा दिवसांत सूर्य दिसलेला नाही. आमच्या भिंतीवरच्या पट्ट्या छताला टेकायला आल्यात.

---

गोदाकाठ | २८ जुलै, रात्री ९:५०

मग २२ डिसेंबर. आकाश स्वच्छ, सावल्या लांब. तुमची ८४ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवी, आमची ९४-९५. शून्य कुणाचीच नाही, म्हणजे या वेळी दोन्ही घरांना खरं मोजावं लागेल.

---

माणदेशी_मास्तर | २८ जुलै, रात्री १०:०५

आम्हाला धरा. त्या दिवशी शाळा भरलेली असली तर सगळा पट उन्हात उतरेल. एकोणीस जण, एकोणीस आकडे.

---

पडवी | २८ जुलै, रात्री १०:१२

धरलं. ओळंबा तेवढा गवंड्याला परत करायचा राहिलाय. धाकटी देत नाही.